घसे बघणारी

शेवटच्या दिवशी सकाळीही आमच्या कारभारणीनं मला उंबऱ्यात उजेडाकडं तोंड करून बसवलं, पितळी पळीचा दांडा जिभेवर दाबला अन् म्हणाली, "आ करा. आजून मोठा. माझ्यावर वरडताना करता तेवढा." घसा साफ निघाला. मी भाताच्या खाचरात गेलो.

वेल्ह्यापासून गुंजवण्यापर्यंत तिनं ज्याचा घसा बघितला नाही असा एक माणूस दाखवा, मी भात खायचं सोडतो. बाजारात मिरच्या घेताना कुणी खोकलं, की हिची पळी कमरेतून बाहेर. व्याही जेवायला बसले, आधी घसा. संस्थानी कचेरीतला शिपाई दरडावायला आला अन् मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून गेला.

खूळ उगाच नव्हतं. लहानपणी तिचा घसा सुजला, बरा झाला, अन् पंधरवड्यानं गुडघे सुजले. लग्नानंतर धाप लागायची म्हणून पुण्याला नेली. डॉक्टर म्हणाला, काळजातलं दार नीट मिटत नाही. आजाराशी भांडणारी अंगातली ताकदच उलटून काळजावर गेली. दोन वर्षं जगेल म्हणाला. पुढं डॉक्टरच गेला, ही वीस वर्षं पळी घेऊन हिंडली.

मला त्यातलं काही कळलं नव्हतं. हिचं माहेर धनगरवाड्याशेजारचं. म्हणाली, "लांडग्याशी झोंबलेलं कुत्रं असतंय बगा. लांडगा पळाला तरी त्याचं डोकं फिरल्यालंच. कोकराच्या अंगाला लांडग्याचा वास आला की त्यालाच फाडतंय. कुत्रं वाईट न्हाई. निजवावं लागतं."

एकदा भर लावणीत शेजारच्या सुनेला ताप भरला, गुडघे सुजले. तिचा लाल घसा हिनं आधीच बघितला होता. सासू म्हणाली, "लावणी काय हिचा बाप करंल?"

"म्या करते. पर ही उठली तर हिचं काळीज जाईल."

अन् आमची धापा टाकत त्यांच्या खाचरात वाकली. मी शिव्या घातल्या. म्हणाली, "माजं दार वाकडंच हाय. तिचं सरळ ऱ्हाऊ द्या." मग मीही वाकलो. काय करता?

दोन महिने सून निजून होती. पुढल्या वर्षी तीच तोरणा गड चढली, वरच्या मेंगाईदेवीची ओटी भरून तटावरून पदर हलवला. आमची पायथ्याला बसून येईल-जाईल त्याला सांगत होती, "बगा, निजलं का न्हाई कुत्रं?" गड हिनंच घेतला होता.

त्या शेवटच्या दिवशी मी खाचरातून परतलो, तर ती भिंतीला टेकून गेलेली. पळी मांडीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सून रडत आली. कडेवर लेक, खोकत होती. मी पळी घासली, पोरीला उंबऱ्यात बसवलं. "आ कर."

घसा लाल होता. सुनेला म्हणालो, "निजव हिला, अन् हिच्यापाशी बस. माझ्या सुतकाचं मी बघतो. तुझ्या खाचरात मी वाकतो."