भवानी होईपर्यंत उपाशी

दाजीबानपेठेत खाली आमचं कापडाचं दुकान आणि वर घर. या घरची एक रीत आहे. दुकानात भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय घरच्या बायकांनी तोंडात घास घालायचा नाही. दुकान उपाशी असताना घरच्या लक्ष्मीनं कसं जेवायचं, असं मामंजी म्हणतात. पुरुषांचं विचारूच नका. ते गल्लीच्या टोकाला इडली-वडा हाणून मग गादीवर बसतात. बाहेरचं खाणं मोजत नाहीत म्हणे!

नवी सून होते तोवर सोसलं. मग वजन वाढलं म्हणून मी सकाळी मैदानावरच्या व्यायामवर्गाला जायला लागले. शिकवणारा सांगायचा, रिकाम्या पोटी करा, चरबी झपाझप जळते. मला काय, पोट आयतंच रिकामं होतं. उड्या मारायच्या, बैठका काढायच्या, घामाघूम होऊन घरी यायचं, सगळ्यांचा स्वयंपाक उरकायचा आणि खालून भवानी झाल्याची हाक यायची वाट बघत बसायचं. आषाढात गिऱ्हाईक कुठलं यायला? कधी कधी दुपार व्हायची.

हळूहळू माझं मलाच कळेना. हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. दूधवाल्यावर खेकसायची, शेजारणीशी भांडायची. एकदा ह्यांच्या अंगावर लाटणं भिरकावलं. नेम चुकला, त्याचं वाईट वाटलं. हे शांतपणे म्हणाले, "आमच्या घरच्या बायका तापटच. आई तरी काय वेगळी आहे?"

पुढच्याच आठवड्यात जिन्यात चक्कर येऊन पडले, तेव्हा दवाखाना दिसला. डॉक्टरीणबाईंनी आधी झोपेचं विचारलं, मग जेवणाचं. सगळं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ताणाचं एक संप्रेरक असतं, कॉर्टिसॉल. ते सकाळी मुळातच चढलेलं असतं. त्यात रात्रीपासून पोटात काही नाही, वर दमवणारा व्यायाम, आणि नंतरही तासन्‌तास उपास. शरीराला वाटतं, काहीतरी संकट आलंय. मग कॉर्टिसॉल उतरणार कधी आणि चिडचिड थांबणार कधी? उपाशीपोटी व्यायाम काहींना मानवतो, पण तुमच्यासारख्या झोप उडालेल्या बाईला नाही.

घरी येताना रिक्षात माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरच्या बायका तापट? अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, संकेश्वरच्या, मी निपाणीची. आमचं रक्ताचं नातं नाही, आधीची सोयरीक नाही. मग दोघींत हा एकच तापटपणा आला कुठून? अत्तींनी उभा जन्म उपाशीपोटी पाणी शेंदलं, दळलं, कापडाचे गठ्ठे माडीवर चढवले. तो व्यायाम नव्हता तर काय होतं? आणि सगळ्या पेठेत नाव काय, तर भांडकुदळ म्हातारी!

दुसऱ्या दिवशी मी केळं खाऊन वर्गाला गेले. आल्यावर भाकरी थापली, झुणका केला आणि ओट्याशी दोन ताटं वाढली. एक अत्तींपुढे सरकवलं. अत्तींनी विचारलं, भवानी झाली का. मी नाही म्हटलं. त्यांनी ताट जवळ ओढलं. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि भराभरा खायला लागल्या.

तेवढ्यात चष्मा विसरला म्हणून मामंजी वर आले. दारातच थबकले आणि अत्तींना म्हणाले, भवानी व्हायचीय अजून, कळत नाही का? मी तोंड उघडणार, तोच अत्तींनी माझा हात दाबून धरला.

"दुकानाला कुठली भूक लागते हो?" त्या म्हणाल्या. "मला लागत होती. रोज. एक दिवस तरी विचारलंत?"

मामंजी चष्मा न घेताच खाली गेले. अत्तींनी आणखी एक भाकरी मागितली.




माझी झोप परत आली, थरथर गेली. राग मात्र गेलेला नाही. आता पोटभर जेवून रागावते.