भित्र्या विजयमालाचा संडासाचा धंदा

माझी भावजय विजयमाला पालीला भिते, ढगाला भिते, ट्रकच्या हॉर्नला भिते. लग्न होऊन आली तेव्हा मालगाडी गेली की कानांवर हात ठेवून चुलीपाशी बसायची, आणि होटगीत तर दिवसभर मालगाड्याच जातात. माझा भाऊ सयाजी रेल्वेत रूळ दुरुस्तीच्या गँगवर आहे. हिला माहेरी पोचवावं लागणार असं त्याला तेव्हा वाटलं होतं. मी तिची थोरली नणंद. नवरा वारल्यापासून भावाकडेच असते, आणि तिची टिंगल करायचा मान माझाच. अशी ही बाई पुढे संडास विकायला लागली, आणि लोक ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त भितात तिचीच तिने हमी देऊन ठेवली.

त्याचं झालं असं. बचत गटाच्या बायकांना सिमेंटच्या रिंगा ओतायला शिकवायला सोलापुरातून एक बाई आल्या होत्या. खड्डा घ्यायचा, त्यात या रिंगा एकावर एक उतरवायच्या. रिंगांना भोकं असतात, त्यातून पाणी मातीत जिरतं. बाकीच्या बायका चहा पिऊन घरी गेल्या. विजयमालाने घरामागे साचा मांडला. मी वाळू चाळायची, ती ओतायची. रिंगा झाल्या झकास, पण घेणारं कुणी नव्हतं. वस्त्यांवर अनुदानातले संडास आधीच उभे होते. कुणाच्यात कडबा भरलेला, कुणाच्यात करडं कोंडलेली.

दारोदार फिरलो तेव्हा लोक फरशीचं बोलायचे, भांड्याचं बोलायचे, आणि आम्ही उठलो की हळूच विचारायचे, भरल्यावर उपसायचं कुणी? हा प्रश्न कुठला दुकानदार ऐकून घेणार? तो फरशी विकून मोकळा. विजयमालाने ऐकला, कारण तिच्या मनात तीच भीती होती. मग ती सांगायला लागली, की खड्डे दोन घ्या. एक वापरा, दुसऱ्याकडे जाणाऱ्या नळाचं तोंड वीट आणि चिखल लावून बंद ठेवा. पहिला भरला की तो बंद करून दुसरा चालू करा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्याची कोरडी माती होते, वास नाही की काही नाही, खुशाल शेतात टाका. तरीही लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा घाईघाईने तिच्या तोंडून गेलं, की पहिल्यांदा झाकण मी स्वतः येऊन उघडीन आणि पहिली पाटी मी भरीन. या शब्दावर आमच्या रिंगा खपायला लागल्या.

शब्द दिला तेव्हा तो दिवस फार लांब वाटत होता. खड्डे भरत आले तशी तिची झोप उडाली. ती माती तिने स्वतः कधी पाहिलीच नव्हती. शिकवणाऱ्या बाईंनी फोटो दाखवला होता, आणि फोटोला वास नसतो. जेवता जेवता तिचा घास हातात राहायचा. माती झाली नसली तर, असं ती मला इतक्यांदा विचारायची की मी एकदा वैतागून म्हणाले, नसली झाली तर माहेरची गाडी पकड. त्या दिवशी सगळ्या भाकरी करपल्या. पुढे पुढे मलाही धडकी भरायला लागली. इतकी घरं तिच्या एका शब्दावर विसंबली होती. पहिल्याच खड्ड्यात घाण निघाली असती तर वस्त्यावस्त्यांवर बोभाटा होऊन लोकांनी संडासात पुन्हा कडबा भरला असता, आणि आमचा साचा गंजत पडला असता.

पहिला फोन आला तो गोजाबाईंचा. त्या आमचं पहिलं गिऱ्हाईक, आतल्या एका मेंढपाळांच्या वस्तीवरच्या. घरात त्या, सून आणि मुलगा बिरप्पा. तो मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर. म्हातारी मोठी संशयी. तीन-चार रिंगा पुरे होत्या, तर तिने सात घालायला लावल्या, खोल असला की जन्मात भरायचा नाही म्हणून. पहिलं गिऱ्हाईक हातचं जाईल या धास्तीने विजयमालानेही घातल्या. आता दोन्ही खड्डे भरले होते. पहिला बंद करून वर्षाच्या वर झालं ना, असं विजयमालाने फोनवर दोनदा विचारलं. म्हातारी दोन्ही वेळा व्हय म्हणाली.

आम्ही सकाळी पोचलो. शेजारच्या वस्तीवरची काशम्मा आपली पाच-सहा माणसं घेऊन आधीच येऊन बसली होती. माती दिसली तर तीही संडास घेणार होती. शब्द दिल्याप्रमाणे विजयमालाने झाकणाला हात घातला. बिरप्पाने पहार घालून झाकण सरकवलं, आणि सगळ्यांचे पदर नि टॉवेल नाकाला लागले. आत काळं पाणी डचमळत होतं.

विजयमालाने लगेच दोन्ही खड्ड्यांकडे जाणाऱ्या नळांचं चेंबर उघडलं. वीट नव्हतीच. दोन्ही नळांची तोंडं सताड उघडी होती. सगळे गोजाबाईंकडे बघायला लागले तेव्हा म्हातारीने खाली बघत सांगितलं, "ईट मीच काडली. दोन्ही थोडं थोडं भरत्याल, मंग कंदीच भरनार न्हाईत, असं वाटलं." म्हणजे रोज जुन्यावर ताजं पडत होतं. माती व्हायला सवडच मिळाली नव्हती. म्हातारीने खड्डे राखायला म्हणून जे केलं त्यानेच सगळं नासलं होतं, आणि मला तिचा रागही धड येईना.

बिरप्पाला पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमचंच आहे, मीच उपसतो, म्हणत त्याने सदरा काढला आणि शिडी आणून खड्ड्याला टेकवली. कुणी अडवलं नाही. सुनेने बादलीला दोर बांधला. तेवढ्यात विजयमालाने शिडी ढकलून दिली, सगळा जोर लावून झाकण परत ओढलं आणि त्यावर मांडी घालून बसली. बिरप्पा आधी गोडीत बोलला, मग चिडला. काशम्माची माणसं हसायला लागली. मीही दंडाला धरून तिला उठवायला गेले, तर तिने माझा हात झटकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मी न्हाई उठनार," ती म्हणाली. "मला लई भ्या वाटतंय. खालचं पानी दिसतंय, पर त्येच्यावर जी हवा कोंडलीया ती दिसत न्हाई." मग ती गोजाबाईंकडे वळली. "मावशी, पेव उगडलं की तुमी मानूस लगीच आत सोडता का?"

पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार. ते उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस कोंडलेल्या विषारी हवेने गुदमरतो, वर येत नाही, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. पण अंगणातलं हसणं एकदम थांबलं ते का, हे मला काशम्माने मागाहून सांगितलं. गोजाबाईंचा धाकटा दीर पेवात उतरला तो आतच कोसळला, आणि त्याला काढायला उतरलेला त्यांचा नवराही तिथेच पडला. बिरप्पा तेव्हा कडेवर होता. विजयमालाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

म्हातारीचा चेहरा राखेसारखा झाला. "बिरप्पा, शिडी घरात ठिव," त्या म्हणाल्या. तो तसाच उभा राहिला. तेव्हा त्या काठी टेकत आल्या आणि विजयमालाच्या शेजारी झाकणावर बसल्या.

विजयमालाने मग काशम्माच्या माणसांना सांगून टाकलं, की आज माती दाखवता येत नाही, झालेलीच नाही, तुम्ही जा. माणसं गेली. तिने सोलापुरातून मैल्याचा टँकर बोलावला. तो ऊन डोक्यावर आल्यावर आला. तोवर दोघी उठल्या नाहीत. पाणीसुद्धा तिथेच प्यायल्या. टँकरचा पाइप मध्ये एकदा अडकला, आणि टँकरवाल्याने सवयीने कठड्यावरून आत पाय टाकला, तेव्हा दोघी मिळून अशा ओरडल्या की तो बिचारा मागच्या मागे पडला. त्याने मग वरूनच पाइप हलवून घेतला. खड्डा रिकामा झाल्यावर तो वापराला ठेवला आणि दुसऱ्याच्या नळाला गोजाबाईंनी आपल्या हाताने वीट लावली, चिखल थापला.

निघताना बघतो तर काशम्मा गेलीच नव्हती. बाभळीखाली बसून होती. आमच्या दारात खड्डा कधी घेतेस, असं तिने विजयमालाला विचारलं. मी माती कुठं दाखवली, असं ही पडल्या आवाजात म्हणाली.

"माती मंग बगू की," काशम्मा म्हणाली. "माज्या लेकाला आत उतरू न देनारी बाई मिळाली, ते बास हाय."

परतताना टमटममध्ये माझ्या मनात आनंद मावत नव्हता. विजयमाला मात्र आपण कुठे कुठे झाकणं बसवली ते बोटांवर मोजत होती. होटगीचं फाटक दिसायला लागलं तशी तिने माझा हात धरला.

"वन्सं, भ्यायला आजून एक झाकान वाढलं की," ती म्हणाली. मी काही चिडवलं नाही, उतरेपर्यंत तो हात धरून बसले.