खर्चात न धरलेल्या खुर्च्या

सभेत खुर्ची दिसली तरी मी अजून बसत नाही, चुळबुळत उभाच राहतो. गेल्या विधानसभेला देवणीत प्रचारसभा होती. आईचे गुडघे धरलेले, म्हणून तिला पुढच्या खुर्चीत बसवलं. तेवढ्यात निवडणूक खर्च तपासणारं कॅमेऱ्याचं पथक येतंय म्हणून फोन आला. उमेदवाराच्या खर्चात धरतील या भीतीनं कार्यकर्त्यांनी सगळ्यांना उठवून खुर्च्या टेम्पोत भरल्या. पथक जाईस्तोवर आई माझा खांदा धरून उभी! मी भडकलो, तर एक कार्यकर्ता म्हणे, "काका, पाच मिनिटं ॲडजस्ट करा."

मतदानाच्या दिवशी तेच लोक आईला न्यायला दारात जीप घेऊन हजर. मी तोंड उघडायच्या आत आई काठी टेकत बाहेर आली आणि म्हणाली, "कॅमेरा आला की मला मधीच उतरवताल. जाते मी चालत."