मंगळवारी दुपारचं ‘नाही’

माझा मामा रेल्वेत वेळापत्रकं आखायचा. प्रवाशांची नव्हेत, ती कुणीही आखतं, असं तो नाक उडवून म्हणायचा. त्याच्याकडे होतं युद्धाचं वेळापत्रक. उद्या लढाई जुंपलीच तर कोणती पलटण कोणत्या स्टेशनातून किती वाजता निघेल, इंजिन कुठे पाणी घेईल, कोणत्या पुलावर कितव्या मिनिटाला चढेल, हे सगळं त्याने अकरा वर्षं खपून कागदावर बसवलं होतं. ऑफिसात त्याला ‘मिनिटराव’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

मी त्याच ऑफिसात टायपिस्ट होते आणि राहायलाही मामाकडेच होते. घरात हा माणूस अगदी गरीब. मामी म्हणेल ते खायचा, देईल तो सदरा घालायचा. पण ऑफिसातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिरला की त्याचा आवाजच बदलायचा. त्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत एक टेबल होतं आणि त्यावर तो अवाढव्य तक्ता. उभ्या रेघा म्हणजे वेळ, आडव्या रेघा म्हणजे स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे पेन्सिलीची एक तिरपी रेघ. लाल गाड्या दक्षिणेच्या सरहद्दीला जाणाऱ्या, निळ्या पूर्वेच्या. अशा अकराशेच्या वर रेघा. दोन रेघा भलत्या ठिकाणी एकमेकींना छेदल्या, की टक्कर. मामाच्या तक्त्यात अशी एकही जागा नव्हती. नवीन आलेल्या साहेबाला तो भिंग हातात देऊन सांगायचा, “शोधा, सापडली तर नोकरी सोडतो.”

त्या वर्षी दक्षिणेकडच्या छोट्या देशाशी एका बंदरावरून आमचं बिनसलं. वर्तमानपत्रं रोज तेल ओतत होती. पूर्वेचा शेजारी मोठा, आणि त्या छोट्याचा दोस्त. त्याने निरोप धाडला, “दक्षिणेत काय ते निस्तरा. पण आमच्या सरहद्दीवर एक जरी पलटण उतरली, तर आम्ही ते युद्धच धरू.”

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला बडेसाहेब स्वतः जिने चढून मामाच्या खोलीत आले. मी तिथेच आकडे तपासत होते. साहेबांना धाप लागली होती.

“खाली फोनवर मंत्री आहेत,” ते म्हणाले. “ते विचारतात, नुसत्या लाल गाड्या सोडता येतील का? निळ्या जागच्या जागी ठेवायच्या.”

मामाने तक्त्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. कुणीतरी त्याच्या लेकराचा एक पाय कापायला सांगावा, तसा त्याचा चेहरा झाला.

“नाही होणार, साहेब. लाल गाड्यांचे रिकामे डबे परत येतात आणि त्यांच्याच निळ्या गाड्या होतात. इंजिनं तीच, पूल तेच. निळ्या अडल्या की मागच्या लालही अडतील.”

“थोडं इकडेतिकडे करून?”

“ही काय सदऱ्याची बाही आहे, उसवून आखूड करायला? निघालं तर सगळं निघेल, नाहीतर काहीच नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

साहेबांनी तिथलाच फोन उचलून खाली सांगितलं, “कळवा त्यांना. आमचे तज्ज्ञ म्हणतात, अशक्य.”

‘तज्ज्ञ’ शब्द ऐकला आणि मामाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी पाहिलं ते. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

गुरुवारी तक्ता कामाला लागला. लाल गाड्या सुटल्या, निळ्याही सुटल्या. शनिवारी पूर्वेच्या शेजाऱ्याने आपल्या गाड्या सोडल्या. त्याचाही कुठेतरी एक मिनिटराव असणारच. मग दोस्ताचा दोस्त, त्याचा दुश्मन, असं करत नवव्या दिवशी सात देश एकमेकांच्या उरावर बसले.

मामाचा एकुलता एक मुलगा, माझा दादा, शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याला बोलावणं आलं. मामीने मोज्यांचे सहा जोड बांधून दिले. दादा हसत म्हणाला, “बाबा, तुमची गाडी चुकवायची म्हटली तरी चुकायची नाही.” निळी गाडी होती त्याची. आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. डबा नजरेआड झाला तेव्हा मामा म्हणाला, “अकरा बेचाळीस म्हणजे अकरा बेचाळीसलाच सुटली.” मामीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

पाचव्या आठवड्यात पत्र आलं. दादा एका कोबीच्या शेतात पडला होता. शेताच्या गावाचं नावही त्यांनी चुकीचं लिहिलं होतं. मामाने ते दुरुस्त केलं, कारण त्या लाइनीवरची सगळी स्टेशनं त्याला पाठ होती.

युद्ध चार वर्षं चाललं. मामा रोज ऑफिसात जात राहिला. संपल्यावर सरकारने त्याला पदक दिलं, आणि युद्ध कशामुळे झालं हे शोधायला एक आयोग नेमला. ते वाचल्यावर मामाने आठवडाभर बसून सात पानं लिहिली आणि माझ्यापुढे ठेवली.

“टाइप करून दे.”

चौथ्या पानावर माझे हात थांबले. लिहिलं होतं: ‘निळ्या गाड्या थांबवणे शक्य होते. दोन दिवसांचे काम होते. चारशे वीस गाड्या उशिरा धावल्या असत्या. तक्ता विद्रूप झाला असता, म्हणून मी अशक्य म्हटले.’

“मामा, हे खरंय?”

“टाइप कर.”

आयोगाच्या कचेरीत मी त्याच्याबरोबर गेले. तिथले सचिव भले गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसवलं, सातही पानं वाचली, आणि चष्मा पुसत म्हणाले, “तुम्ही मुलगा गमावलाय. मन असं खातंच माणसाला. पण एका कारकुनाच्या ‘नाही’मुळे युद्धं होत नसतात.”

“मग कशामुळे होतात?”

“तह असतात, शस्त्रांची चढाओढ असते, बाजारपेठा, देशादेशांतला आकस...”

“ते सगळं तर वीस वर्षं होतं, साहेब,” मामा म्हणाला. “मग त्याच आठवड्यात का झालं?”

सचिवांनी पानं नीट जुळवली आणि परत दिली. मामा ती घेईना. शेवटी मीच घेतली.

घरी आल्यावर त्याने मामीला समोर बसवून ती पानं वाचून दाखवली. ती शेंगा सोलत होती. सातवं पान संपेपर्यंत सोलतच राहिली.

“मला आज का सांगितलंत?” तिने विचारलं.

“तुला कळायला हवं होतं.”

“चार वर्षं नको होतं? कचेरीतल्या साहेबांनी तुम्हाला दोषी धरलं नाही, म्हणून आता माझ्याकडे आलात. बरं, मी धरते. झालं समाधान?”

मामा काहीतरी बोलायला गेला. तिने सोललेल्या शेंगांचं भांडं उचललं आणि आत निघून गेली.

दोन वर्षांनी आयोगाचा अहवाल आला. तीन जाडजूड खंड, चौदा कारणं. मुलं ती परीक्षेसाठी घोकतात. मामाने तिन्ही खंड ओळ न् ओळ वाचले. दुसऱ्या खंडात त्याला एक अर्धं वाक्य सापडलं: ‘वाहतुकीच्या तांत्रिक मर्यादा लक्षात घेता’. त्यावर बोट ठेवून तो मला म्हणाला, “हा मी.” मग जरा वेळाने, “बघ ना, मर्यादाच म्हणालेत.” आणि तो हसला. तसं हसणं मला पुन्हा कुणाचं ऐकायचं नाही.

त्यानंतर तो सात वर्षं जगला. मी तोवर वेगळं बिऱ्हाड केलं होतं. मामी त्याला वेळेवर जेवायला वाढायची, औषध द्यायची, आजारपणात उशाशी बसायची. बोलायची मात्र कामापुरतं. तो गेल्यावर एकदा मी धीर करून विचारलं, “मामी, तू निघून का नाही गेलीस? माझ्याकडे आली असतीस.”

“गेले असते गं,” ती म्हणाली. “पण मग त्यांना वाटलं असतं, फिटलं.”