सातव्या खाटेवरची सिस्टर

निकाल लागला त्याच दिवशी बाबांनी धाकटीसाठी दोन पांढरे गणवेश शिवून टाकले. बाबा शिंपी. उभी हयात दुसऱ्यांच्या पँटी उसवण्यात आणि पुन्हा शिवण्यात गेलेली, त्यामुळे पोरीच्या गणवेशाचं माप त्यांनी तीन-तीनदा घेतलं. छातीवर एक खिसा, खाली दोन. "नर्सला खिसे लागतात," असं ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, जणू हा शोध त्यांनीच लावला होता. मग ते गणवेश खुंटीवर चढले, ते तीन महिने तिथंच राहिले.

तीन महिन्यांत धाकटीनं अकरा हॉस्पिटलांचे उंबरठे झिजवले. सगळीकडे एकच रड. अनुभव किती? "आत्ताच पास झाले," म्हटलं की समोरचा अर्ज परत सरकवायचा. नोकरीशिवाय अनुभव आणायचा कुठून, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. एका ठिकाणी तर गेटवरच्या वॉचमननंच मुलाखत उरकली, तिला नापास केलं आणि वर प्यायला पाणी दिलं. अकराही ठिकाणांतली माणुसकी काय ती तेवढीच.

इकडे मामा टपून बसले होते. मामांचं चष्म्याचं दुकान. "एक तारखेपासून काउंटरवर ये," ते म्हणाले. "आमच्याकडेही पांढराच कोट असतो." बाबांनी शेवटी मान डोलावली. एक तारखेच्या आत नोकरी लागली तर उत्तम, नाहीतर चष्मे. धाकटीचा चष्म्यांवर काही राग नव्हता. पण एकदा त्या काउंटरमागे उभी राहिली की चार वर्षांचं शिक्षण तिथंच डबीत बंद होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एक तारखेला सहा दिवस उरले असताना बाराव्या हॉस्पिटलनं बोलावलं. तिथं मुलाखतीआधीच घोडं अडलं. कारकुनाला तब्येतीचा दाखला हवा होता, तोही त्यांच्याच मोठ्या डॉक्टरांचा.

"मग द्या ना," धाकटी म्हणाली.

"मोठे डॉक्टर फक्त ॲडमिट पेशंटला तपासतात. तुम्ही ॲडमिट आहात का?"

"मला काहीच झालेलं नाही."

"ते तुम्ही कोण ठरवणार? ते दाखल्यावर येईल. कागदापुरतं ॲडमिट व्हा, दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांत तिच्या मनगटाला पट्टी बांधली गेली, अंगात पेशंटचा झगा आला आणि महिला वॉर्डातली सात नंबरची खाट तिच्या नावावर झाली. झग्याला मागं नाड्या, पुढं काहीच नाही. खिसा तर औषधालाही नाही. मोठे डॉक्टर गावाला गेलेत आणि गुरुवारी येणार, हे तिला खाटेवर बसल्यावर कळलं. तो सोमवार होता. घरी फोन करून तिनं सांगितलं, "मुलाखत जरा लांबलीय."

धाकटी निमूट पडून राहिली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण चार वर्षांची सवय. आधी तिनं आपल्याच चादरीचे कोपरे नीट दुमडले. मग पलीकडच्या आठ नंबरच्या आजींची सलाइन संपत आली, ती बंद केली. बावीस खाटांना मिळून एक सिस्टर, तीही इंजेक्शनांच्या मागं. धाकटीनं केसांत पेन खोचलं आणि ताप मोजत, तक्ते भरत निघाली. सिस्टरनं मान वर करून पाहिलं. पेशंट काम करतोय म्हणून ओरडावं की पाया पडावं, हे तिला कळेना. तिनं थर्मामीटर पुढं केला.

त्या हॉस्पिटलात एक नियम देवाच्या वर होता. पाळी संपली तरी हँडओव्हर दिल्याशिवाय सिस्टरनं घरी जायचं नाही. म्हणजे येणाऱ्या सिस्टरला खाटेखाटेशी नेऊन सांगायचं, कुणाचं काय चाललंय, आणि रजिस्टरमध्ये लिहून सही करायची. दुपारी दोन वाजता सकाळपाळीच्या सिस्टरचा मुलगा शाळेच्या दाराशी ताटकळत होता. ती हात जोडून म्हणाली, "सात नंबर, तूच दे गं हँडओव्हर. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

धाकटीनं दिला. एकपासून बावीसपर्यंत, एकही खाट न गाळता. "सहा नंबर, टाके कोरडे आहेत. सात नंबर, मी. ताप नाही, तक्रार नाही, डॉक्टर येत नाहीत. आठ नंबर, आजी जेवत नाहीत, पण गोष्ट सांगितली की चार घास खातात." येणाऱ्या सिस्टरनं सगळं टिपून घेतलं आणि झग्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. बुधवारपर्यंत पाळी बदलताना सगळ्या सिस्टर सरळ सात नंबरच्या खाटेशी येऊन उभ्या राहू लागल्या.

गुरुवारी मोठे डॉक्टर उगवले. त्यांनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि कागदावर लिहिलं, "प्रकृती उत्तम. नोकरीस योग्य. मात्र आपण नर्स असल्याचं पेशंट वारंवार सांगतात, त्याकडे लक्ष ठेवावं."

तो कागद घेऊन धाकटी झग्यातच मुलाखतीला गेली, कारण डिस्चार्जची सही व्हायची होती. समोर मेट्रनबाई आणि बाजूला तोच कारकून. मेट्रनबाईंनी कागद वाचून विचारलं, "अनुभव?"

धाकटीचं डोकंच फिरलं. "तीन दिवस तुमचा महिला वॉर्ड सांभाळलाय! रजिस्टर मागवा."

रजिस्टर आलं. मेट्रनबाईंनी पानं उलटली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "असा हँडओव्हर माझ्या कायमच्या सिस्टरनाही जमत नाही," त्या हळूच म्हणाल्या. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

"अनुभव धरता येईल," कारकून म्हणाला. "पण तीनच दिवस झालेत. नियमाप्रमाणे दोन वर्षं लागतात. उरले सातशे सत्तावीस दिवस."

तेवढ्यात दारातून सिस्टरनं डोकं आत घातलं. "बाई, दोन वाजले. सात नंबर इथं बसलीय, हँडओव्हर कोण देणार?"

कारकुनानं डिस्चार्जचा कागद अलगद मागं ओढला. "पद रिकामं नाही. खाट मात्र आहे. उरलेले दिवस ॲडमिटच राहा, मग रीतसर अर्ज करा."

मेट्रनबाईंनी मान खाली घालून मुक्काम वाढवल्याच्या कागदावर सही केली. त्यांना लाज वाटत होती, हे धाकटीला दिसलं. लाज वाटूनही सही झालीच, हेही दिसलं. ती वॉर्डात गेली, हँडओव्हर दिला आणि मग घरी फोन केला. "बाबा, लागले."

भेटीच्या वेळेला बाबा कडक इस्त्रीचे गणवेश घेऊन आले. मागोमाग मामा, हातात सफरचंदं. वॉर्डात कुणाकडे तरी काहीतरी न्यावं लागतं म्हणून आणलेली, ती नेमकी लागू पडली. धाकटीनं सगळं सांगितलं. मामांनी सफरचंदं तिच्या उशाशी ठेवली. आजारी माणसाला काउंटरवर उभं कसं करणार?

"म्हणजे गणवेश नाही चालणार?" बाबांनी विचारलं.

"पेशंटला झगाच लागतो, बाबा."

बाबांनी झगा वरून खाली न्याहाळला. तिच्या केसांतलं पेन, कानामागं अडकवलेला थर्मामीटर. मग ते खाटेच्या कडेला बसले, खिशातून ब्लेड काढलं आणि नव्या गणवेशाच्या छातीवरचा खिसा उसवू लागले.

"नका ना बाबा. एकदाही घातला नाहीये मी तो." धाकटीला रडू फुटलं.

"हलू नकोस, सुई टोचेल," उसवलेला खिसा तिच्या झग्यावर ठेवत बाबा म्हणाले. "नर्सला खिसे लागतात."

तीन बाजू शिवून होतात न होतात, तोच आठ नंबरच्या आजींनी घंटी वाजवली. धाकटी उठू लागली. बाबांनी शेवटचा टाका घातला, दातानं दोरा तोडला आणि थर्मामीटर तिच्या कानामागून काढून खिशात ठेवला.