शेंगा संपेपर्यंत गप्प : खो-खोची एक मॅच आणि पुढे तलकाड

कावेरीकाठच्या तलकाडला जायचं असं मुळात ठरलेलंच नव्हतं. माझ्या मुलीच्या, मुक्ताच्या खो-खोच्या वर्गाची टी. नरसीपुऱ्याजवळच्या एका गावातल्या शाळेशी मैत्रीची मॅच होती, शनिवारी सकाळी आठला, आणि मुलींना आपापल्या पालकांनी न्यायचं होतं. माझा नवरा समीर एकाच कामासाठी पेट्रोल जाळत नाही. त्याने फोनवर नकाशा उघडला, गावाच्या पुढे बोट सरकवलं आणि म्हणाला, "मग तलकाडही उरकून टाकू." आमच्याकडे सहली अशाच ठरतात.

मुक्ता नऊ वर्षांची, तिचा भाऊ नील पाचचा. समीरच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही सांगलीहून म्हैसूरला आलो. या दोन वर्षांत मुक्ताने दोन खेळ सोडले. पोहणं सोडलं, कारण मी काठावर उभी राहून सूचना द्यायचे. स्केटिंग सोडलं, कारण तिथे मी कठड्याला रेलून सूचना द्यायचे. मला स्वतःला स्केटिंग येत नाही, पण त्यावाचून काही अडलं नाही. खो-खो मात्र येतो. शाळेत असताना मी जिल्ह्यापर्यंत खेळले आहे. त्यामुळे मुक्ताने तिसरा खेळ म्हणून खो-खो निवडला तेव्हा मला जो आनंद झाला तो मी तिला दिसू दिला, आणि तिथेच ती सावध झाली.

शुक्रवारी संध्याकाळी बूट पुसता पुसता तिने अट घातली.

"आई, तू ये. पण बोलायचं नाही."

"म्हणजे अजिबात?"

"अजिबात. एक शब्द बोललीस तर मी खो-खोपण सोडणार."

मुक्ता पोकळ धमक्या देत नाही, याचा अनुभव मला दोनदा आलेला होता. शिवाय ही तिची पहिलीच मॅच. चार महिने ती राखीव म्हणून बाहेर बसून टाळ्या वाजवत होती. मी शब्द दिला.

सकाळी साडेसहाला निघालो. शनिवारी त्या वेळी आमच्या गोकुलम भागातल्या रस्त्यांवर दोनच प्रकारची माणसं असतात. काखेत योगाची चटई घेतलेले परदेशी आणि मुलांना कुठल्यातरी खेळाला पोचवणारे आईबाप. चटईवाल्यांच्या तोंडावर शांती असते. रिंग रोडवरून टी. नरसीपुऱ्याचा रस्ता धरला की तासाभराचाच प्रवास आहे. रस्ता चांगला, फक्त गतिरोधकांना रंग नाही, त्यामुळे ते कळतात तेव्हा आपण त्यांच्यावरून गेलेलो असतो. दोन्ही बाजूंना भात, ऊस आणि जानेवारीतलं धुकं. नाश्ता वाटेतल्या कुठल्याही छोट्या हॉटेलात करा. पाटी नसलेल्या हॉटेलात थाळीएवढी इडली मिळाली, मऊ, वर लोण्याचा गोळा. नीलने लोणी खाल्लं आणि इडली मला दिली.

नरसीपुऱ्यात बस स्टँडबाहेर समीरने उकडलेल्या शेंगांचा एक मोठा पुडा घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "तोंडात सतत काहीतरी असू दे," तो म्हणाला. बारा वर्षांच्या संसारात याहून उपयोगी सल्ला त्याने मला दिलेला नाही.

शाळेचं मैदान लाल मातीचं होतं, सारवल्यासारखं सपाट केलेलं. या भागात खो-खो जोरात आहे हे ऐकून होते, पण बघितल्यावर कळलं. सकाळी आठला अर्धं गाव मैदानावर होतं. आम्ही एका लांब पायरीवर बसलो. शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ होते, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी सरकून जागा दिली. मी कन्नडमध्ये थँक्स म्हटलं, म्हणजे थँक्सच म्हटलं.

आता एक गोष्ट कबूल करते. म्हैसूरला आल्यापासून समीर आणि मी मराठीचा वापर खाजगी खोलीसारखा करतो. भाजीवाल्यापुढे, लिफ्टमध्ये, डॉक्टरांच्या समोर बसून डॉक्टरांविषयी, सगळं मराठीत. म्हैसुरात जुनी मराठी घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे मला माहीत होतं. पण ती सगळी म्हैसुरात आहेत असं मी धरून चालले होते. त्यामुळे त्या पायरीवर बसून आम्ही मोकळेपणाने बोललो. शाळेच्या रंगाविषयी बोललो. शिट्टी वाजवणाऱ्या सरांच्या पोटाविषयी बोललो. समोरच्या संघाच्या मुलींच्या शर्टांविषयी तर बरंच बोललो. बाह्या इतक्या आखूड होत्या की मी म्हटलं, "शिवणाऱ्याने डोळे मिटून कात्री चालवलीय." समीर हसला. शेजारचे गृहस्थ मैदानाकडे बघत राहिले.

पहिल्या डावात मुक्ता बाहेरच होती. मी शेंगा खात होते. दुसऱ्या डावात आमच्या सरांनी तिला आत घेतलं आणि पाठलाग करणाऱ्यांच्या रांगेत सहावी बसवलं. ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी : एका संघाच्या आठ जणी रांगेत बसतात, नववी पळते, आणि ती बसलेल्या एखादीला मागून खो देऊन उठवते. दुसऱ्या संघाच्या तीन-तीन जणी आत येऊन चुकवत पळतात. उठलेल्या मुलीने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तिला मागे फिरता येत नाही. म्हणजे उठताना जे ठरवाल तेच. बाहेरून बघणाऱ्याला मात्र सगळं आधीच कळत असतं, आणि त्याला ते सोसत नाही.

आत आलेल्या तिघींमध्ये एक लांब वेणीवाली होती, हाताला लागेना. आणि एक गुटगुटीत मुलगी होती, गाल लाल झालेले, खांबाजवळ थांबून श्वास घेणारी. आमच्या मुली सगळ्या वेणीच्या मागे. मला स्पष्ट दिसत होतं. मी पुड्यात हात घातला. आत फक्त टरफलं होती.

"मुक्ता! वेणीवालीला सोड! त्या ढब्बीला गाठ, ती दमलीय!"

माझा आवाज शाळेत असताना शेजारच्या वस्तीपर्यंत जायचा. तो तेवढाच राहिलाय असं दिसलं.

गुटगुटीत मुलगी खांबाला वळसा घालून पळता पळता माझ्याकडे बघून ओरडली, "मी नाय दमली, आंटी! तुमी सुम्ने बसा!"

सुम्ने म्हणजे गप. एवढं कन्नड मला येतं.

समीरने डोळे मिटून घेतले. शिट्टीवाल्या सरांनी मला हाताने खाली बसा अशी खूण केली, तेव्हा मला कळलं की मी उभी आहे. आणि नेमका पुढचा खो मुक्ताला मिळाला. ती उठली. ती गुटगुटीत मुलगी डाव्या बाजूला, चार पावलांवर, अगदी हाताशी होती. मुक्ताने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि उजवीकडे वळून वेणीवालीच्या मागे पळत सुटली. वेणीवाली सापडणार नव्हती हे तिलाही माहीत होतं. मॅच आम्ही दोन गुणांनी हरलो.

मी पायरीवर बसले. शेजारचे गृहस्थ पहिल्यांदाच बोलले.

"अक्का, तुमी कुठल्या गावच्या?"

मराठी. जुनं, हळू चालणारं, पण मराठी.

"सांगलीच्या," मी म्हटलं. "तुम्ही?"

"आमी हितलेच. आज्याच्या आज्यापासून. शिंपीकाम करतो. घरात मराठीच बोलतो की, स्वल्प कन्नड मिसळून." त्यांनी मैदानाकडे हनुवटी उचलली. "ती माजी मुलगी. भाग्या."

ती म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्यांचं नाव पांडुरंगराव. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि आम्हाला कॉफी दिली, आणि मला ती घ्यावी लागली. मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कापड कमी पडलं, अक्का. नऊ पोरींचं कापड आलं, पोरी बारा. मी म्हटलं, बाह्यांतून काढू. तिघींना बाहेर कसं ठेवायचं, अल्वा, होय की नाही?"

इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. समीर कॉफीत बघत होता. मी म्हटलं, "माफ करा, फार चुकलं माझं."

"शर्टाचं परवागिल्ला, जाऊ दे," ते म्हणाले. "ते दुसरं बोललासा, ते तिला सांगा. मला नको."

म्हणून मी चाळीस वर्षांची बाई मैदान ओलांडून एका नऊ वर्षांच्या मुलीसमोर जाऊन उभी राहिले. ती नळाखाली पाय धूत होती. मुक्ता तिच्या शेजारीच होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "भाग्या, मी तुला वाईट बोलले. बोलायला नको होतं. सॉरी."

भाग्याने नळ बंद केला आणि थोडा विचार केला. "सरि, आंटी," ती म्हणाली. "पण दमली नव्हती मी."

"नव्हतीस."

"मग बरं."

तिथून तलकाड जवळ आहे, रस्ता कालव्याच्या कडेने जातो आणि सुंदर आहे असं समीर नंतर म्हणाला. मी बघितला नाही. गाडीत मुक्ता फक्त एकदा बोलली, "मी सोमवारी सरांना सांगणार." काय सांगणार ते कोणी विचारलं नाही. नीलने विचारलं, ढब्बी म्हणजे काय. समीरने रेडिओ लावला.

तलकाडविषयी कामाचं : चपला देवळांबाहेर काढाव्या लागतात आणि वाळू अकरानंतर तापते, तेव्हा जाड मोजे न्या. आम्ही नेले नव्हते. वाळूतून पत्र्याचं छप्पर टाकलेली वाट आहे, ती सोडू नका. नदीवर गोल टोपलीसारख्या होड्या असतात, बसण्याआधी भाव ठरवून घ्या, आणि होडीवाल्याला गरगर फिरवू नको म्हणून सांगा, नाहीतर तो फिरवतो. आम्ही सांगायला विसरलो. देवळं खड्ड्यात आहेत, म्हणजे वाळू उपसून मोकळी केलेली, पायऱ्या उतरून जायचं. वर निलगिरीची झाडं, खाली दगडी खांब, आणि आत अचानक गारवा. आपण उभे आहोत त्याच्या खाली अजून किती गाव आहे, ते कळत नाही.

गाइड घेतला नव्हता, तरी समीरने दुसऱ्या कोणाच्या गाइडचं ऐकून मुलांना गोष्ट सांगितली. एका राणीचे दागिने राजाची माणसं घ्यायला आली, तिने शाप दिला आणि नदीत उडी घेतली, आणि तलकाड वाळूखाली गेलं.

"म्हणजे एक बाई बोलली आणि अख्खं गाव बुडालं?" नीलने विचारलं.

"अशी कथा आहे," समीर म्हणाला. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

दुपारी नदीच्या उथळ पाण्यात मुलं खेळली. समीर आणि नील वाळूत मंदिर बांधून ते पुरत होते. मुक्ता गुडघाभर पाण्यात उभी होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. बरंच काही बोलायचं ठरवून गेले होते, पण ऐनवेळी एवढंच आलं, "मुक्ता, मी शब्द मोडला. चुकले मी. खरंच सोडणार आहेस?"

ती पाण्यात बघत होती. "भाग्या म्हणाली, तुजी आई बोलली तर तू कशाला सोडायचं? आईला सोडू दे."

"मग?"

"मग मी खो-खो नाही सोडणार," ती म्हणाली. "तू सोड. तू यायचंच नाही. प्रॅक्टिसला नाही आणि मॅचलापण नाही. बाबा येईल."

वर्गाची चौकशी मी केली होती, बूट मी शोधले होते, तिच्या सरांना पहिला फोन मी केला होता. हे सगळं माझ्या जिभेवर आलं. डोळ्यांतही पाणी आलं, आणि नदीत उभं राहून ते लपवायला सोयीचं होतं. ज्या खेळात माझं बालपण गेलं तो माझी मुलगी खेळणार आणि मी बघणार नाही, याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मी "बरं" म्हटलं. मुक्ताने माझा हात धरला नाही, पण ती लांबही गेली नाही.

परतताना जेवण नरसीपुऱ्यातच केलं, केळीच्या पानावर भात-सारू. सारू म्हणजे इकडचं पातळ तिखट सार. मुलं गाडीत झोपली आणि अंधार पडायच्या आत आम्ही घरी होतो. एका दिवसात होणारी सहल आहे, लहान मुलं असतील तर तलकाड आधी उन्हं चढायच्या आत करा आणि मॅच नंतर ठेवा, किंवा मॅच ठेवूच नका.

सोमवारी प्रॅक्टिसला समीर घेऊन गेला. साडेपाच ते सात मी घरात होते. मटार सोलले, कपाट आवरलं, नीलशी सापशिडी खेळून हरले. समीरला फोटो पाठव असा मेसेज लिहिला आणि पुसला. सात वाजून दहा मिनिटांनी मुक्ता दारात आली, गुडघ्यावर लाल माती, आणि बूटही न काढता बोलायला लागली. आज सरांनी तिला पहिल्यांदा पळायला उतरवलं होतं. कोण मागे होतं, कुठल्या खांबाला ती घसरली, कशी वाचली, मग कशी सापडली. ती हातवारे करत सांगत होती. पोहायला जात होती, स्केटिंगला जात होती, तेव्हा तिने मला घरी येऊन कधीच काही सांगितलं नव्हतं. मी तिथेच असायचे, आणि परतीच्या वाटेवर मीच बोलत असायचे.

सांगता सांगता ती गोष्टीतल्या त्या खांबाशी आली आणि मला लख्ख दिसलं की तिने तिथे डावीकडे हूल द्यायला हवी होती.

"मग?" मी विचारलं.