दुकानाचा जुना नंबर

भागीदारी मोडली तेव्हा शहरातल्या सदर भागातल्या आमच्या दुकानाची वाटणी चहा थंड होण्याच्या आत झाली. काउंटर भागीदाराकडे गेले, मीटर आणि हत्यारे माझ्याकडे आली. दुकानाचा मोबाईल मात्र काउंटरच्या खणात राहिला, आणि त्याचा अर्थ मला घरी पोहोचल्यावर कळला. सिम त्याच्या नावावर होते, म्हणजे कायद्याने ते त्याचेच. पण कन्हानपासून रामटेकपर्यंत ज्या ज्या विहिरीवर आम्ही मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणारा डबा, बसवला होता, त्या प्रत्येकात तोच नंबर भरलेला होता. विजेची फेज गेली की स्टार्टर त्या नंबरला फोन लावत असे. गिऱ्हाइके कदाचित माझा पत्ता शोधत आली असती. यंत्रांना पत्ता शोधता येत नाही. मी स्वतःच्या हाताने जोडलेल्या मोटरी दुसऱ्या दिवसापासून त्याला हाक मारू लागल्या.

मी हळू बोलतो. त्यामुळे झाले ते सगळे मी विसरलो असे सगळ्यांनी गृहीत धरले. मी विसरलो नव्हतो. वेगळे होण्याआधी विक्रेत्यांच्या एका बैठकीत तो माझ्याकडे बोट करून म्हणाला होता, "याले वायर सोलाले द्या. गिऱ्हाईक सांभाळनं याचं काम नाही." सारे हसले. मीही हसलो. त्याच्या शब्दांपेक्षा माझे ते हसणे मला अधिक डाचत राहिले, आणि त्याचीही भरपाई मी मनातल्या मनात त्याच्याकडूनच करून घ्यायचे ठरवले होते.

संधी आली ती एका दूधसंघाच्या रूपाने. रामटेक रस्त्यावरच्या गावांमधल्या संकलन केंद्रांत दूध थंड ठेवण्याच्या मोठ्या टाक्या होत्या. टाकीचे तापमान वाढले की आपोआप इशारा देणारे यंत्र प्रत्येक टाकीवर बसवायचे होते. त्या यंत्रांत कोणते सिम घालावे, एवढ्याच प्रश्नावर संघाने मला सल्लागार म्हणून बोलावले. बसवण्याचे काम मागणाऱ्यांत तो होता. त्याची योजना साधी होती: एकाच कंपनीचे नेहमीचे सिम, आणि टाकी तापली की दोन फोन. एक केंद्र चालवणाऱ्याला, दुसरा दुकानाच्या जुन्या नंबरला.

संघाच्या बैठकीत त्याने योजना मांडली तेव्हा तो नंबर पडद्यावर दिसला. आता या टाक्याही त्यालाच हाक मारणार होत्या.

मी शांतपणे बोललो. नेहमीचे प्लास्टिकचे सिम आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात वाकते. असली सिमे बहुधा कामगारांच्या नावावर घेतली जातात. कामगार सोडून गेला की सिमही जाते. यंत्रांसाठी कंपन्या वेगळे सिम देतात. त्याचा नंबर तेरा आकडी असतो, ते उष्णता सोसते आणि संस्थेच्या नावावर राहते. त्यातही एका कंपनीवर विसंबणारे नको, मिळेल ते नेटवर्क धरणारे घ्यावे. फोनची गरजच नाही. सगळे इशारे इंटरनेटवरून संघाच्या कार्यालयात आणि केंद्रचालकाच्या मोबाईलवर संदेशाने पोहोचतील. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. तरीही त्यातले शेवटचे मी केवळ तो नंबर पडद्यावरून पुसला जावा म्हणून उच्चारले, हे मला बोलतानाच ठाऊक होते.

काम दुसऱ्याला मिळाले आणि देखरेख माझ्याकडे आली. जिन्यात तो म्हणाला, "जमवलं गा तू." त्या दिवशी मी सदर ते धंतोली पायी गेलो, आणि वाटेत थांबून एकट्याने संत्र्याची बर्फी खाल्ली. इतकी गोड बर्फी मी कधी खाल्ली नव्हती. हेही लिहायला हवे.

मनसरच्या अलीकडच्या एका गावात केंद्र चालवणाऱ्या बाई यंत्र बसताना शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या हातात बटणांचा साधा मोबाईल होता.

"भाऊ, हे मशीन आवाज देईन तं कोणाले?"

संदेश येईल, मी म्हणालो.

"मेसेज कोण पाह्यते? मी चारा टाकून राहिली, शेण काढून राहिली. मले घंटी पायजे."

मी त्यांना समजावले. माझा समजावण्याचा स्वर चांगला आहे. लोक त्याला सहसा विरोध करत नाहीत. घंटी म्हणजे त्याची योजना, आणि त्याच्या योजनेतला तुकडाही मला परत आणायचा नव्हता.

उन्हाळ्यात एका दुपारी त्यांच्या टाकीचा कॉम्प्रेसर बंद पडला. संदेश आला नाही. कार्यालयाच्या पडद्यावर सकाळचेच तापमान दिसत राहिले. चार वाजता बाईंनी झाकण उघडले तेव्हा वासानेच सगळे कळले. गावभरचे दूध नाल्यात ओतावे लागले. संघाच्या अधिकाऱ्याने सांगितले की पुन्हा असे झाले तर टाकी शेजारच्या गावाला हलवू. केंद्र गेले असते तर बाईंच्या हातचे काम गेले असते. त्या ओटा धूत राहिल्या, आणि मी पाणी टाळत बाजूला सरकत राहिलो.

दोष सापडायला वेळ लागला नाही. मिळेल ते नेटवर्क धरणारे माझे सिम एका दुबळ्या टॉवरला चिकटून बसले होते. नेटवर्क आहे असे यंत्राला वाटत होते, आणि त्यातून काहीही बाहेर जात नव्हते. मी हे आधी तपासायला हवे होते. आमच्या दुकानाची एक रीत होती: प्रत्येक कंपनीचे सिम आळीपाळीने साध्या फोनमध्ये घालायचे, फोन पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावायचे, आणि तो आपोआप उचलला जाईल असे करून फाटकापासून त्याला फोन लावायचा. एकाने डब्याला तोंड लावून बोलत राहायचे, दुसऱ्याने फाटकाशी आवाज तुटतो का ते ऐकायचे. या कामाला दोघे लागतात. मी एकटा होतो. कंपनीच्या नकाशावर गाव रंगवलेले पाहिले आणि भागवले. गावातल्या कुणालाही डब्याशी उभे करता आले असते. पण ती रीत आम्हा दोघांची होती, म्हणून मी तिलाच टाळले होते.

त्या भागातल्या गावागावात कोणत्या कंपनीचे नेटवर्क भिंतीआड चालते हे त्याला ठाऊक होते. मी केंद्राच्या ओट्यावरून जुना नंबर फिरवला. तो कुठे लिहून ठेवायची मला कधी गरज पडली नव्हती.

"बोला, मोटर कुठची?"

दुकानात फोन उचलताना असे विचारायची सवय माझी होती. त्याने तीही ठेवून घेतली होती.

"मोटर नाही," मी म्हणालो. "मी आहे."

"सांग गा," तो म्हणाला.

तो दुसऱ्या दिवशी आला. डबा उघडून सिम बघितले आणि बाईंना ऐकू जाईल असे म्हणाला, "नंबर तेरा आकडी, अक्कल एक आकडी." बाई पदर तोंडाला लावून हसल्या. या वेळी मी हसलो नाही.

आम्ही जुन्या रीतीने तपासणी केली. तो डब्याशी, मी फाटकाशी. डब्याशी बोलताना तो पूर्वी एसटीचे थांबे म्हणत असे. आताही तेच म्हणू लागला. "कामठी, कन्हान, मनसर, रामटेक." पहिल्या कंपनीवर मनसर गळाले. दुसरीवर कामठीच्या पुढे काही आले नाही. तिसरीवर चारही थांबे स्वच्छ आले. त्याने बैठकीत सुचवलेली कंपनी तीच होती.

ठरले ते असे: सिम त्याच कंपनीचे, पण यंत्रासाठीचे, संघाच्या नावावर. अशा सिमवरून फोन हवा असेल तर तो ज्यांना जाणार ते नंबर आधी कंपनीकडे कळवावे लागतात. इतर कोणालाही तो लागत नाही. मी संघाच्या अधिकाऱ्याला फोन केला. पहिला नंबर बाईंचा सांगितला. दुसरा कोणाचा, अधिकाऱ्याने विचारले. दुसरा अशा माणसाचा हवा होता जो घंटी वाजताच निघेल. मी दूर सदरमध्ये बसतो. जुन्या भागीदाराचा कारागीर याच रस्त्यावर कन्हानला असतो.

तो डब्याचे स्क्रू आवळत होता. मान वर केली नाही, पण त्याचा हात थांबला. मी माझा नंबर सांगितला असता तर तो काही बोलला नसता, हे मला माहीत होते. गेली कित्येक वर्षे मी याच क्षणाची वाट पाहत होतो: एका यंत्राने कोणाला हाक मारायची हे ठरवणे माझ्या हाती असावे.

मी बाईंकडे पाहिले. त्यांनी मोबाईल कमरेला खोचला होता.

मी जुना नंबर सांगितला, सावकाश, दोन-दोन आकडे करून.

नवे सिम आठवड्याने आले. ते घातल्यावर आम्ही टाकीचा कॉम्प्रेसर मुद्दाम बंद केला आणि वाट पाहिली. आधी बाईंच्या कमरेची घंटी वाजली, मग त्याच्या खिशातली. त्याने फोन बाहेर काढला, पडद्यावरचा तो लांबलचक नंबर पाहिला आणि फोन माझ्यासमोर धरला. मी घेतला नाही.

बाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आता घंटी वाजते नं, मंग झालं." त्याची मागितली नाही, आणि त्यानेही माझी मागितली नाही. परतताना तो गाडीत बसायला बोलावत होता. मी एसटीने येईन म्हणालो आणि मनसरच्या थांब्यावर उन्हात उभा राहिलो. त्याची गाडी पुढून गेली. त्याचा राग मला अजूनही तितकाच येत होता. फक्त त्या टाकीपर्यंत तो राग पोहोचू नये एवढी तजवीज मी करून आलो होतो.